मशीन बरोबर, मास्क भलताच

झोपेत श्वास अडण्याच्या आजारावर डॉक्टर जे मशीन लिहून देतात, ते एकदा घरात आले की वर्षानुवर्षे उशाशी राहते. त्याचा मास्क, मास्कची मऊ कुशन, डोक्याचा पट्टा, हवेचा पाईप, फिल्टर, पाण्याची टाकी मात्र झिजतात, कडक होतात, चिरतात आणि ठरावीक काळाने बदलावे लागतात. मशीन घेताना हातात स्लीप स्टडीचा अहवाल असतो, डॉक्टरांची चिठ्ठी असते, मशीन लावून दाखवायला डीलरचा माणूस येतो. भाग बदलायच्या वेळी यातले काहीच नसते. असतो एक फोन, व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो, ‘हाच बसेल’ असे कोणीतरी दिलेले आश्वासन आणि काही दिवसांनी येणारे कुरिअर. खोके उघडल्यावर कळते की कुशन एका मापाने मोठी आहे, किंवा पाईपचे टोक मशीनला बसत नाही, किंवा बसते सगळे पण रात्रभर हवा लीक होते. अशा वेळी घरातल्यांना वाटते, वस्तू चुकली, परत पाठवू. माझे म्हणणे असे की इथे वस्तूबरोबर उपचारही चुकलेला असतो. भाग चुकला त्या रात्रीपासून उपचारात खंड पडतो, आणि म्हणून योग्य भाग मिळण्याची जबाबदारी रुग्णाच्या नजरेवर आणि नशिबावर सोडता येणार नाही. ती मशीन लिहून देणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि शासनाने वाटून घ्यायला हवी. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे चूक दुरुस्त करायचे अंतरच शेकडो किलोमीटरचे आहे, तिथे ही वाटणी आधी व्हायला हवी.

आजार आणि यंत्र

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच मिटते. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, मोठा घोरका घेऊन श्वास सुरू होतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त असा अडथळा तासाला पाच वेळा झाला की आजार धरला जातो. पंधराच्या वर मध्यम आणि तीसच्या वर तीव्र. माणसाला स्वतःला हे सहसा आठवत नाही. त्याला आठवते ते सकाळचे जड डोके, दुपारची पेंग, वाढलेला रक्तदाब. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेतल्या श्वसनाचा दोष आढळला आणि ७.५ टक्क्यांमध्ये त्याच्या जोडीला दिवसा झोप अनावर होण्याचे लक्षणही होते. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरातल्या अभ्यासांची एकत्र मांडणी करून काढलेला अंदाज असा, की कामकरी वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा आजार आहे आणि त्यांतल्या ४ कोटी ७० लाखांचा आजार मध्यम ते तीव्र आहे.

यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय १९८० मध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी पहिल्यांदा वापरला आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांच्या आधारे मांडला. नाकावाटे सतत दाबाखाली हवा सोडायची, त्या हवेच्या आधाराने घशाची वाट उघडी धरायची, इतकी साधी ती कल्पना. आजची यंत्रे साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतकी हवा देतात. आपल्या विषयासाठी त्या इतिहासातला एक तपशील फार मोलाचा आहे. सुरुवातीच्या रुग्णांचे मास्क त्यांच्या नाकाचा साचा घेऊन एकेकट्यासाठी बनवले जात आणि रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवले जात. पंखा कोणताही चालला असता, मास्क त्याच चेहऱ्याचा लागत होता. पुढे कारखान्यात तयार झालेले लहान, मध्यम, मोठ्या मापांचे मास्क आले, खर्च उतरला, उपचार घराघरांत गेला. पण मूळ गोष्ट बदलली नाही: दाब मशीनमध्ये तयार होतो आणि मास्कमध्ये टिकतो. मास्क चुकला तर उत्तम मशीन हे खोलीत वारा सोडणारे खोके उरते.

चुकीच्या भागाने नेमके काय बिघडते, हे भागागणिक वेगळे आहे. मोठ्या मापाची कुशन लीक होते; हवा डोळ्यांत जाते, डोळे कोरडे पडतात, आवाज होतो. दाब आपोआप कमी-जास्त करणारे मशीन गळती भरून काढायला जोर लावते, श्वासाची नोंद चुकते आणि सकाळी पडद्यावर दिसणारे आकडे विश्वासाचे राहत नाहीत. लहान मापाची कुशन पट्टा आवळायला लावते आणि नाकाच्या दांडीवर जखम करते. अरुंद पाईप लावला आणि मशीनच्या सेटिंगमध्ये पाईपचा प्रकार तसाच राहिला, तर मास्कपाशी पोहोचणाऱ्या दाबाचा मशीनचा हिशेब चुकतो. ॲडाप्टरची चूक तर मशीनच्या जिवावर बेतू शकते: रेसमेड कंपनीच्या एअरसेन्स १० या मशीनला २४ व्होल्ट लागतात आणि फिलिप्स कंपनीच्या ड्रीमस्टेशन या मशीनला १२ व्होल्ट. सर्वांत धोकादायक चूक दिसायला सर्वांत किरकोळ असते. घरच्या मशीनच्या मास्कला बारीक छिद्रे असतात. सोडलेला श्वास त्यांतून बाहेर जातो. रुग्णालयातल्या काही व्हेंटिलेटरच्या मास्कला अशी छिद्रे नसतात, कारण तिथे सोडलेल्या श्वासाची वाट दुसरीकडे असते. अशा मास्कचा जोड बऱ्याचदा निळा असतो. तो मास्क घरच्या मशीनला लावला तर तो घट्ट बसतो, मुळीच लीक होत नाही आणि रुग्ण स्वतःचाच सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेत राहतो. ‘बसतो ना, मग झाले’ हा निकष इथे जिवावर उठतो.

चूक कुठे होते

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके १६ आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. यवतमाळ शहरात श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण विशेष उपचारांच्या बाबतीत जिल्ह्याची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत. यवतमाळ, कळंब, राळेगावची नागपूरकडे, नेर-दारव्ह्याची अमरावतीकडे, वणीची चंद्रपूर-नागपूरकडे, उमरखेडची नांदेडकडे. ज्याला जिथे तपासले, त्याने तिथल्या डीलरकडून मशीन घेतले. पुढे डीलरचा माणूस बदलतो, दुकान बदलते, मॉडेल बंद होते, आणि रुग्ण भागासाठी मोबाइलवरच्या बाजाराकडे वळतो. नागपूरच्या माणसाला चुकीची कुशन आली तर तो दुपारी जाऊन बदलून आणू शकतो. झरी जामणीच्या किंवा महागावच्या माणसाला तीच कुशन बदलायची तर एक दिवस, गाडीभाडे आणि सोबतीला एक माणूस लागतो. म्हणून तो सहसा जात नाही. तो पट्टा आणखी आवळतो, चिकटपट्टी लावतो, जुन्या फाटक्या कुशनवर परततो किंवा मशीन पलंगाखाली ढकलतो.

बाजार त्याला चुकायला पुरेपूर वाव देतो. रेसमेडचे एअरफिट एफ २० आणि एअरफिट एफ ३० हे दोन्ही नाक-तोंड झाकणारे मास्क. पहिल्याची कुशन नाकाच्या दांडीवरून बसते, दुसऱ्याची नाकाच्या खाली. एकाची कुशन दुसऱ्याला चालत नाही. त्याच मालिकेत एफ ३० आय नावाचा तिसरा मास्क आहे, त्याचा पाईप डोक्यावरून जातो. नावात फरक एका आकड्याचा किंवा एका अक्षराचा, आणि फोनवर मागणी सांगताना नेमके तेच गळते. गरम हवेच्या पाईपचेही तसेच: एअरसेन्स १० चा गरम पाईप एअरसेन्स ११ ला लागत नाही. शिवाय मास्कचे माप शर्टाच्या मापासारखे सगळ्या कंपन्यांत सारखे नसते. एका कंपनीचे ‘मध्यम’ दुसऱ्या कंपनीत ‘लहान’ ठरू शकते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला या अडचणीवरचा उपाय जुना माहीत आहे. मोटारपंपाचे बेअरिंग गेले की तो नाव सांगत बसत नाही, जुने बेअरिंग खिशात घालून दुकानात जातो आणि दुकानदार त्याच्यावरचा नंबर वाचून तोच काढून देतो. नाव चुकते, नंबर चुकत नाही. मास्कवरही नंबर असतो: पाकिटावर भागाचा क्रमांक छापलेला असतो, माप बहुधा कुशनच्या कडेला कोरलेले असते. फक्त तो वाचायला कोणी शिकवत नाही, आणि पाकीट पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते.

यंत्रणाही चुकतात

चूक ही मुळात अडाणी किंवा घाईच्या ग्राहकाची असते, हा समज दोन घटनांनी खोटा पाडला आहे. पहिली जगातली. १४ जून २०२१ रोजी फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने आपली श्वासयंत्रे परत मागवायला सुरुवात केली. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण आणि वायू रुग्णाच्या श्वासात जाण्याचा धोका होता. जगभरात ५० लाखांहून अधिक यंत्रे या फेऱ्यात आली. कंपनीने फोम बदलून दुरुस्त केलेली यंत्रे लोकांना परत दिली, आणि त्यांतल्याही काहींमध्ये नवा घोळ निघाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केले की दुरुस्त केलेल्या हजाराच्या वर ड्रीमस्टेशन यंत्रांवर चुकीचे किंवा दुसऱ्याच यंत्राचे अनुक्रमांक चढले आहेत, त्यामुळे त्यांत भलत्याच रुग्णाचे दाब किंवा कारखान्यातले मूळ दाब भरले गेले असण्याची शक्यता आहे. या परतीला त्या प्रशासनाने सर्वांत गंभीर वर्गात घातले. म्हणजे ज्या कंपनीने यंत्र घडवले, जिच्याकडे प्रत्येक यंत्राची नोंद होती, तिच्याच हातून बदली यंत्र चुकीचे गेले. मग दारव्ह्याच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने फोटो पाहून कुशन चुकीची मागवली, तर दोष त्याच्या डोळ्यांना कसा द्यायचा?

दुसरी घटना महाराष्ट्रातली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले. त्यांतले वापरात आणलेले ११३ सदोष निघाले आणि ३७ खोक्यांतच होते, ही माहिती २०२१ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आली. केंद्राच्या बाजूने यंत्रांपेक्षा वापरणाऱ्यांच्या हाताळणीवर बोट ठेवले गेले, आणि न्यायालयाने या दोषारोपाच्या खेळावर स्पष्ट नाराजी व्यक्त केली. व्हेंटिलेटर आणि घरचे मशीन यांत मोठे अंतर आहे, हे खरे. पण जबाबदारी सरकण्याची दिशा पाहण्यासारखी आहे. यंत्र चालले नाही की वापरणाऱ्याला नीट वापरता आले नाही, असे म्हणणे सर्वांत सोपे जाते. तिथे निदान डॉक्टर होते, तंत्रज्ञ होते, पुढे न्यायालय होते. घरात रात्री अकरा वाजता एकटा रुग्ण असतो.

यवतमाळला हा अनुभव त्याहून कडू रूपात आलेला आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वेळीही पहिला सूर हाच होता की त्यांनी हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, लेबल वाचले नाही. फवारणीचे औषध गावागावांतल्या दुकानात पोहोचले होते. त्याबरोबर पोहोचायला हवे होते ते साहित्य, ते मार्गदर्शन आणि ती देखरेख पोहोचली नव्हती. मास्कच्या चुकीची तुलना त्या मृत्यूंशी करण्याचा माझा हेतू नाही. जिल्ह्याने तेव्हा शिकलेला धडा मात्र इथे लागू पडतो: धोका असलेली वस्तू विकणे आणि ती सुरक्षित वापरता येईल अशी सोय करणे ही एकाच जबाबदारीची दोन टोके आहेत, आणि लेबल छापले म्हणजे दुसरे टोक सुटत नाही.

कायदा कुठे उभा आहे

या बाबतीत आपला कायदा बाजाराच्या पुढे आहे. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने माणसाच्या आजाराचे निदान, उपचार किंवा उपशमन यासाठी असलेली सर्व उपकरणे १ एप्रिल २०२० पासून औषध कायद्याच्या कक्षेत आणली, आणि त्या व्याख्येत उपकरणाला जोडायच्या साधनाचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मास्क आणि पाईप हे कायद्याच्या नजरेत मोबाइलच्या कव्हरसारखे सामान नाही, वैद्यकीय उपकरण आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार त्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच किंवा अनुक्रमांक आणि आयात माल असेल तर आयातदाराची माहिती हवी. ३० सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने विक्रेत्यांना नोंदणी लागू झाली. उणीव आहे ती प्रत्येक उपकरणाच्या एकमेव ओळखक्रमांकाची. नियमांत त्याची तरतूद आहे, मूळ तारीख १ जानेवारी २०२२ होती, ती पुढे ढकलली गेली. हा क्रमांक प्रत्यक्षात आला, तर उमरखेडच्या माणसाला फोनवर नावे घोकावी लागणार नाहीत. पाकिटावरचा कोड मोबाइलने वाचता येईल.

ग्राहक म्हणूनही रुग्ण निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणे हीदेखील तशीच प्रथा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत किंवा सौद्यात सांगितलेल्या गुणधर्मांशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते; विक्रेता दिल्लीचा असला तरी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देता येतो, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. चुकीच्या किंवा सदोष भागाने शरीराला अपाय झाला, तर गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत २०१५ पासून चालणाऱ्या उपकरण-दक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवता येते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की मागवणाऱ्याने स्वतः पाहून मागवावे, त्यात शासन कशाला. पाहणे हे कर्तव्य आहेच. पण पाहायला लागणारी माहिती ज्याच्याकडे आहे, कर्तव्य आधी त्याचे. मशीन विकताना कोणत्या मॉडेलचा, कोणत्या मापाचा, कोणत्या क्रमांकाचा मास्क दिला हे डीलरला माहीत असते आणि तो ते एका कार्डावर लिहून देऊ शकतो. चष्म्याचा नंबर आपण तोंडी सांगत नाही, कार्ड दाखवतो. लिहून द्यायला पाच मिनिटे लागतात; न लिहिल्याने पुढची पाच वर्षे प्रत्येक खरेदी अंदाजाने होते.

दुसरा आक्षेप किमतीचा, आणि तो रास्त आहे. कंपनीचे मूळ भाग महाग असतात. स्थानिक किंवा दुसऱ्या कंपनीचा भाग अर्ध्या पैशात मिळत असेल तर गरिबाने काय करावे? उत्तर असे की सगळे भाग सारखे नाजूक नसतात. मशीन आणि मास्क यांना जोडणाऱ्या साध्या पाईपचे २२ मिलिमीटरचे टोक आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहे, त्यामुळे नेहमीच्या मशीनला दुसऱ्या कंपनीचा साधा पाईप बहुधा चालतो. प्रवासी छोट्या मशीनचे जोड मात्र वेगळे असू शकतात. योग्य मापाचा फिल्टरही चालतो. कुशन, गरम पाईप, पाण्याची टाकी आणि ॲडाप्टर मात्र त्या-त्या मॉडेलचेच हवेत. पैसे कुठे वाचवता येतात आणि कुठे वाचवू नयेत, हा भेद रुग्णाला सांगितला गेला तर त्याचा खर्च कमी होईल. आज तो सांगितला जात नाही, म्हणून कोणी पाईपवर उगाच जास्त पैसे घालतो आणि कोणी कुशनवर भलतीच काटकसर करतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्या थांबत नाहीत, तिथे घोरण्याच्या मशीनचे कौतुक कशाला? हा आजार फक्त सुखवस्तू, जाड माणसांचा आहे, अशी या प्रश्नामागची समजूत असते. वजन हे मोठे कारण आहे, पण जबड्याची ठेवण, मान, टॉन्सिल, वय हीसुद्धा कारणे आहेत, आणि आशियाई माणसांना तुलनेने कमी वजनातही हा आजार होतो. उपचार न झाल्यास रक्तदाब वाढतो आणि गाडी चालवताना डुलकी लागण्याचा धोका वाढतो. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर रात्री ट्रक चालवणाऱ्याला हा धोका चैनीचा वाटणार नाही. शिवाय इथे मागणी नव्या रुग्णालयाची नाही. ज्या घराने आधीच कर्ज काढून किंवा दागिना मोडून मशीन घेतले, त्याचे पैसे एका चुकीच्या कुशनमुळे वाया जाऊ नयेत, इतकीच आहे. गरीब जिल्ह्यात झालेला खर्च वाया जाणे हे श्रीमंत जिल्ह्यापेक्षा मोठे नुकसान असते.

काय करता येईल

रुग्णाने काय करावे, ते आधी सांगतो, कारण यंत्रणा सुधारेपर्यंत रात्र थांबत नाही. मशीनच्या खालचा मॉडेल आणि अनुक्रमांक, मास्कचे पूर्ण नाव, कुशनचे माप आणि पाकिटावरचा भाग क्रमांक यांचे फोटो आजच काढून ठेवावेत. मागणी त्या क्रमांकावरच करावी आणि विक्रेत्याकडून तो क्रमांक लेखी कबूल करून घ्यावा. नवा भाग आला म्हणून जुना लगेच टाकू नये. दिवसा जागेपणी, नेहमीच्या दाबावर, आडवे पडून नवा मास्क अर्धा तास लावून पाहावा. सोडलेल्या श्वासाची छिद्रे आहेत आणि मोकळी आहेत हे बोटाने तपासावे. सेटिंगमध्ये मास्कचा व पाईपचा प्रकार बदलावा. नवा मास्क पट्ट्याला चुंबकाने अडकत असेल आणि रुग्णाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये. २०२२ मध्ये फिलिप्सच्या अशा मास्कबद्दल याच कारणाने इशारा दिला गेला होता. भाग चुकला असेल तर कापून, तापवून, चिकटपट्टीने बसवण्याचा प्रयत्न करू नये, छिद्रे बुजवू नयेत, दुसऱ्या व्होल्टचा ॲडाप्टर लावू नये. पाकीट, बिल आणि फोटो जपून त्याच दिवशी लेखी तक्रार पाठवावी. बदली येईपर्यंत जुना मास्क चालत असेल तर तोच वापरावा. तोही चालत नसेल तर डॉक्टरांना कळवावे, कुशीवर झोपावे, उशाकडची बाजू उंच करावी, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात आणि पेंग येत असेल तर गाडी चालवू नये. हे उपाय मशीनची जागा घेत नाहीत, एवढे भान ठेवावे.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘मशीन व मास्क’ एवढेच न लिहिता मास्कचा प्रकार व माप लिहावे. डीलरने मशीनबरोबर सुट्या भागांचे कार्ड द्यावे आणि ठरावीक वर्षे ते भाग पुरवण्याची लेखी हमी द्यावी. जिल्ह्यात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्वसनरोग विभागात, आठवड्यातून एक दिवस मास्क तपासणीचा ठेवता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. निरनिराळ्या मापांचे नमुना मास्क, एक प्रशिक्षित परिचारिका किंवा तंत्रज्ञ आणि एक नोंदवही पुरेशी आहे. रुग्णालयांतली उपकरणे चालू राहावीत म्हणून राष्ट्रीय आरोग्य अभियानात उपकरण देखभालीचा कार्यक्रम आहे; घरी दिलेल्या उपकरणांना त्यात जागा नाही, ती मिळायला हवी. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली. ट्रॅक्टरच्या भागांचा हक्क मान्य झाला, श्वासाच्या मशीनचा राहिला. पाचवे क्षेत्र म्हणून घरगुती वैद्यकीय उपकरणे त्यात यावीत, ही मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरण्यासारखी आहे.

चुकीचा भाग आला म्हणून मशीन बाजूला ठेवलेला माणूस कोणत्याही नोंदीत दिसत नाही. तो उपचार घेतो आहे असे डॉक्टर समजतात, विक्री पूर्ण झाली असे डीलर समजतो, आणि तो रात्री पुन्हा पूर्वीसारखाच श्वासासाठी झगडतो. त्याला नोंदीत आणण्याची सुरुवात घरातूनही होऊ शकते. तुमच्या घरी, शेजारी, नात्यात असे मशीन असेल तर या दिवाळीत एक काम करा: ते रोज वापरले जाते का, हे विचारा, नसेल तर कोणता भाग बसत नाही ते पाहा, त्याचा क्रमांक लिहून घ्या आणि योग्य भाग मिळेपर्यंत विक्रेत्याला सोडू नका.